चिलटाचा मेंदू आणि जनतेचा पैसा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले व्याख्यान)



व्याख्यानाचा विषय मेंदूचे संशोधन असा मी कळविला, तेव्हा चिटणीसबाईंनी जरा काळजीने विचारले, "विषय फार परका तर होणार नाही ना?" मी त्यांस म्हटले, मेंदू प्रत्येकीपाशी आहे, तेव्हा तो परका कसा व्हावा? परंतु त्यांचा प्रश्न अगदीच गैर नव्हता. आपण ज्याच्या बळावर स्वयंपाक करतो, हिशेब ठेवतो, रागावतो, माया करतो, त्याच्याविषयी आपणांस फार थोडे ठाऊक असते. आणि खरे सांगावयाचे तर, शास्त्रज्ञांनाही अद्याप पुष्कळ उमगावयाचे आहे.

मेंदूचे दुखणे घरात शिरले म्हणजे त्याची झळ प्रथम कोणास लागते? सासूबाईंस स्मृतिभ्रंश झाला, त्या रात्रीबेरात्री उठून माहेरी निघाल्या, तर त्यांना हाताला धरून परत कोण आणते? घरातल्या कर्त्या पुरुषास अर्धांगवायू झाला, तर त्यास घास कोण भरविते? मुलास फेफरे येते, लेक बाळंतपणानंतर भिंतीकडे तोंड करून पडून राहते, अशा वेळी उशाशी कोण बसते? उत्तर आपणां सर्वांस ठाऊक आहे. म्हणून मेंदूत बिघाड नेमका कोठे होतो आणि तो कसा दुरुस्त व्हावा, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नाही. तो आपल्या माजघरातलाही आहे.

आता मेंदू आहे तरी काय, हे थोडक्यात पाहू. १८७३ साली इटलीतील कॅमिलो गॉल्जी या डॉक्टराने चांदीच्या क्षाराने मेंदूच्या पेशी काळ्या रंगविण्याची युक्ती शोधली. गंमत अशी की, त्या रंगाने सगळ्या पेशी रंगत नाहीत, शेकड्यातील थोड्याच रंगतात. म्हणूनच दाट अरण्यातून एखादेच झाड वेगळे दिसावे तशी एकेक पेशी आपल्या फांद्यांसकट दिसू लागली. स्पेनमधील सान्तियागो रामोन इ काहाल यांनी हीच युक्ती हाती धरून वर्षानुवर्षे चित्रे काढली आणि दाखवून दिले की, मेंदू हे सलग जाळे नसून त्यातील पेशी सुट्या सुट्या आहेत. गॉल्जींचे मत याच्या नेमके उलट होते. तरीही १९०६ सालचे नोबेल पारितोषिक दोघांना मिळून देण्यात आले.

या पेशी किती? पुष्कळ वर्षे पुस्तकांत शंभर अब्ज असा ठोकळ आकडा छापला जात होता. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हुझेल या विदुषीने त्यासाठी जी तोड काढली, ती ऐकून आपणांस हसू येईल. तिने मेंदूचा चक्क पातळ रस्सा केला! पेशी विरघळवून त्यांची केंद्रके तेवढी शाबूत ठेवली, रस्सा नीट ढवळून एकजीव केला आणि त्यातल्या थेंबभर नमुन्यातील केंद्रके मोजून साऱ्यांचा हिशेब मांडला. या रीतीने २००९ साली मानवी मेंदूतील मज्जापेशींचा आकडा सुमारे ८६ अब्ज निघाला. शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. शास्त्रातही ती चालते ती अशी.

परंतु नुसत्या संख्येने काही उलगडत नाही. आपल्या मंडळात सभासद किती, हे वहीत पाहून कोणीही सांगेल. मात्र मंडळ चालते ते कोण कोणाशी बोलते, कोणाचा निरोप कोणाकडे जातो आणि कोणाच्या शब्दाने दहाजणी उठून कामास लागतात, यावर. मेंदूचेही तसेच आहे. एक मज्जापेशी हजारो दुसऱ्या पेशींना निरोप देते, त्यांचे निरोप घेते, आणि अशा पेशींची मंडले बनतात. एखादे मंडल हात हलविते, एखादे भीती उपजविते, एखादे झोप आणते. दुखणे पुष्कळदा अशा मंडलातल्या निरोपांच्या घोटाळ्यात असते. हा घोटाळा पाहण्याचे साधनच हाती नसेल, तर डॉक्टराने तरी अनुभवाने औषध देण्यापलीकडे काय करावे?

हीच अडचण ओळखून अमेरिकेच्या सरकारने २०१३ सालच्या एप्रिल महिन्यात एक योजना जाहीर केली. राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी घोषित केलेल्या या योजनेस ब्रेन इनिशिएटिव्ह असे नाव आहे. पहिल्या वर्षासाठी सुमारे दहा कोटी डॉलरांची तजवीज झाली. योजनेची आखणी करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या समितीचे नेतृत्व कॉर्नेलिया बार्गमन ही विदुषी आणि विल्यम न्यूसम या दोघांकडे होते. त्यांचा अहवाल २०१४ च्या जूनमध्ये आला. त्यातील शहाणपणाची गोष्ट ही की, अमुक रोग तमुक वर्षांत बरा करू, असे वचन त्यात दिलेले नव्हते. आरंभीची वर्षे मुख्यत्वे साधने घडविण्यात घालवावीत आणि मग त्या साधनांनी मेंदूतली मंडले वाचावीत, असा त्याचा आशय होता. जाते बसविल्यावाचून दळण निघत नाही. ते बसवावयास वेळ लागतो आणि त्या वेळात घरच्यांना पीठ दिसत नाही, एवढेच.

आता ही नवी साधने कोठून निघाली, ते पाहण्यासारखे आहे. डबक्यातील हिरव्या पाण्यात एक सूक्ष्म शेवाळ असते. प्रकाश कोणीकडे आहे हे ओळखून ते तिकडे पोहत जाते. त्याच्या अंगी प्रकाश पडताच उघडणारे एक प्रथिन आहे, हे जर्मनीतील संशोधकांनी २००२-०३ च्या सुमारास दाखविले. २००५ साली कार्ल डाइसेरॉथ, एड बॉयडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रथिन मज्जापेशींत बसविले, तो काय आश्चर्य! निळा प्रकाश पाडताच पेशी जागी होऊ लागली. लाखो दिव्यांच्या घरात कोणते बटन कोणत्या दिव्याचे, हे एकेक दाबून पाहता यावे, तशी ही सोय झाली. पुढे दृष्टी गमावलेल्या एका गृहस्थाच्या डोळ्यात याच जातीचे प्रथिन पोहोचविण्यात आले, आणि ती हकीकत २०२१ साली प्रसिद्ध झाली. विशेष चष्मा लावून त्यास टेबलावर ठेवलेली वही आणि पेले हाताने शोधता येऊ लागले. शेवाळाचा अभ्यास करणाऱ्यास आरंभी कोणी विचारले असेल, "अहो, याचा उपयोग काय?" तर त्याने काय सांगावयाचे होते?

दुसरे उदाहरण तर प्रत्येक आईच्या ओळखीचे. तान्ह्या मुलांची तयार लंगोटी असते ना, जी ओल शोषून फुगते? तिच्यात जो फुगणारा पदार्थ असतो, त्याच जातीचा पदार्थ बॉयडन यांच्या प्रयोगशाळेने मेंदूच्या पातळ तुकड्यात भिनविला आणि वर पाणी घातले. तुकडा सर्व बाजूंनी सारखा फुगून साडेचार पटींच्या आसपास मोठा झाला, आणि जे साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नव्हते ते दिसू लागले. हा शोध २०१५ सालचा. सूक्ष्मदर्शकाची ताकद वाढविण्याऐवजी वस्तूच फुगवावी, ही कल्पना कोणाही गृहिणीला सुचावी इतकी साधी आहे, पण ती सुचावयास शतके लागली.

या साधनांच्या जोडीने मेंदूचे नकाशे काढण्याचे कामही पुढे सरकले. पहिला संपूर्ण नकाशा झाला तो एका इवल्याशा कृमीचा. त्याच्या मज्जापेशी अवघ्या ३०२. ब्रिटिश सरकारच्या पैशावर चालणाऱ्या केंब्रिजच्या प्रयोगशाळेतून तो १९८६ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर २०२४ च्या ऑक्टोबरात प्रौढ फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा बाहेर आला. फळमाशी म्हणजे आपल्या घरी पिकल्या केळ्यांवर घोंगावते ते चिलट. तिचा मेंदू खसखशीच्या दाण्याएवढा. त्यात १,३९,२५५ मज्जापेशी आणि त्यांच्यामधील पाच कोटींहून अधिक सांधे! त्या मेंदूचे सुमारे सात हजार छेद घेऊन त्यांची छायाचित्रे एका खाजगी धर्मादाय संस्थेच्या प्रयोगशाळेत काढली गेली आणि ती सर्वांना खुली करण्यात आली. मग प्रिन्स्टन विद्यापीठातील माला मूर्ती आणि सेबॅस्टियन स्युंग यांच्या नेतृत्वाखाली, ब्रेन इनिशिएटिव्हच्या अनुदानावर, ती जोडण्याचे काम झाले. यंत्राने धागे जुळविले. त्याच्या चुका शास्त्रज्ञांनी आणि हौशी स्वयंसेवकांनी मिळून दुरुस्त केल्या. एकाच माणसाने हे काम केले असते, तर त्यास सुमारे तेहेतीस वर्षे लागली असती. आणि भगिनींनो, ज्या माशीचा हा नकाशा आहे ती मादी होती, हे मुद्दाम सांगते. का सांगते, ते पुढे येईल.

पुढच्याच वर्षी, २०२५ च्या एप्रिलमध्ये, उंदराच्या मेंदूतील एका घन मिलिमीटरचा, म्हणजे वाळूच्या एका कणाएवढ्या तुकड्याचा, नकाशा प्रसिद्ध झाला. त्या कणात सुमारे ५२ कोटी सांधे मोजले गेले. फ्रान्सिस क्रिक यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाने १९७९ साली अशाच घन मिलिमीटरचे उदाहरण देऊन, असल्या अशक्य गोष्टी मागण्यात अर्थ नाही, असे लिहिले होते. सेहेचाळीस वर्षांत अशक्य ते शक्य झाले.

चिलटाचा अभ्यास फक्त परदेशात होतो, असे मात्र कोणी समजू नये. आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, होमी भाभांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी १९६२ साली आले आणि त्यांनी रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. पुढे त्यांनी सेमूर बेंझर यांच्याबरोबर उष्णतेने लुळ्या पडणाऱ्या आणि थंडाव्यात पुन्हा उडू लागणाऱ्या माश्या शोधून काढल्या. त्यातून मज्जातंतूंतील विजेच्या निरोपांविषयी पुष्कळ कळले. त्यांच्याच हाताखाली शिकलेली व्हेरोनिका रॉड्रिग्ज ही आफ्रिकेत केनियात वाढलेली गोमंतकीय घराण्यातील मुलगी. वेगवेगळे वास माशीच्या मेंदूतील वेगवेगळ्या जागा जागविता जागविता तेथे वासाचा जणू नकाशाच उमटतो, हे तिने ऐंशीच्या दशकात दाखविले. २०१० साली ती गेली. आज जगभर ज्या नकाशाचे कौतुक होते, त्याच्या पायात अशा कितीतरी जणींचे दगड आहेत, आणि त्यांतला एक भारत सरकारच्या पैशावर मुंबईत घडला.

आता खर्चाकडे वळते, कारण हिशेबाच्या बाबतीत आपण बायका भिडस्त नसतो. कोणी विचारील, "शाळेला छप्पर नाही, दवाखान्यात खाट नाही, आणि सरकारने चिलटाचा मेंदू मोजत बसावे काय?" हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. त्याचे उत्तर मला एका बाळंतिणीच्या औषधाच्या गोष्टीतून द्यावयाचे आहे.

गरोदरपणी प्रोजेस्टेरॉन नावाचा संप्रेरक शरीरात वाढतो आणि त्यापासून मेंदूला शांतविणारा एक पदार्थ तयार होतो. बाळंतपण होताच तो झपाट्याने उतरतो. हा पदार्थ मज्जापेशींवर नेमका कोठे काम करतो, हे अमेरिकेतील सरकारी प्रयोगशाळांत १९८६ साली उमगले. त्या वेळी बाळंतिणीच्या औदासीन्याचे औषध शोधण्याचा हेतूही नव्हता. केवळ जिज्ञासेने चाललेले ते काम होते. त्याच धाग्यावरून पुढे औषध तयार झाले आणि बाळंतपणानंतरच्या औदासीन्यासाठी म्हणून खास असे पहिले औषध अमेरिकेत २०१९ साली मंजूर झाले. ते शिरेतून साठ तास द्यावे लागे. २०२३ साली त्याच जातीची, चौदा दिवस घ्यावयाची गोळी मंजूर झाली. बी पेरल्यापासून फळ येण्यास तेहेतीस वर्षे लागली. कोणता व्यापारी तेहेतीस वर्षे नफ्याविना वाट पाहील? म्हणून पहिली पेरणी सार्वजनिक पैशाने करावी लागते.

परंतु गोष्टीचा दुसरा भागही सांगितला पाहिजे. त्या चौदा दिवसांच्या गोळ्यांची अमेरिकेतील किंमत १५,९०० डॉलर ठेवण्यात आली. पेरणी जनतेच्या पैशाने झाली, पण कापणी महाग झाली. तेव्हा संशोधनास पैसा द्या म्हणताना, त्याचे फळ सामान्य घरातील बाळंतिणीपर्यंत कसे पोहोचेल, हेही त्याच आवाजात विचारले पाहिजे.

आणखी एक तक्रार आहे, ती खास आपली. पुष्कळ वर्षे मेंदूचे प्रयोग बहुतांशी नर प्राण्यांवर होत आले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसले की, मज्जाशास्त्रात एकाच लिंगाचे प्राणी वापरलेल्या प्रयोगांत एका मादीमागे साडेपाच नर असे प्रमाण होते. कारण काय देत? तर मादीच्या ऋतुचक्रामुळे निष्कर्ष डळमळतात! २०१४ साली शेकडो प्रयोगांचे आकडे एकत्र करून पाहिले, तेव्हा उंदरांच्या माद्या नरांहून अधिक डळमळीत नाहीत असे निघाले. अखेर २०१६ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी, अनुदान मागणाऱ्याने नर आणि मादी दोहोंचा विचार केला पाहिजे, असा नियम घातला. पैसा जनतेचा होता म्हणूनच असा नियम घालता आला. औदासीन्य पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळते, आणि त्याच्या औषधांची पारख मात्र नरांवर, हे कोठले तर्कशास्त्र? ती माशी मादी होती हे मी मघाशी मुद्दाम सांगितले, ते एवढ्यासाठी.

याच संशोधनाच्या वाटेवर २०२३ साली जे घडले, ते ऐकून कोणाचेही मन हेलावेल. कॅनडातील एक तरुण शिक्षिका. वयाच्या तिसाव्या वर्षी मेंदूच्या देठात झटका आला आणि तिची वाचा गेली. अठरा वर्षांनी कॅलिफोर्निया विद्यापीठातील डॉक्टरांनी तिच्या मेंदूच्या पृष्ठभागावर २५३ विद्युदग्रांची पातळ चकती ठेवली. ती मनात बोलण्याचा प्रयत्न करी, आणि यंत्र मिनिटाला सुमारे ७८ शब्दांच्या गतीने ते उमटवी. यंत्राचा आवाज कसा असावा? तिच्या लग्नातील भाषणाचे जुने ध्वनिमुद्रण होते, त्यावरून तिचाच आवाज घडविण्यात आला. या कामासही सरकारी अनुदानाचा आधार होता. हे अद्याप प्रयोगाच्या पायरीवर आहे. उद्या प्रत्येक अर्धांगवायूच्या रोग्यास ते मिळेल असे सांगून मी कोणास खोटी आशा लावणार नाही. स्मृतिभ्रंशाचा समूळ इलाजही या योजनेतून अजून निघालेला नाही. आणि मनातील शब्द जर यंत्राला वाचता येऊ लागले, तर मनाचा आतला दरवाजा कोणाच्या हाती राहील, प्रयोग संपल्यावर डोक्यात बसविलेल्या यंत्राची देखभाल कोण करील, हे प्रश्नही आहेत. त्यांचा विचार करण्यासाठी त्या योजनेत नीतीचा स्वतंत्र गट नेमण्यात आला, ही समाधानाची गोष्ट.

असे असता, झाले काय? २०१६ साली अमेरिकेच्या कायदेमंडळाने या योजनेस दहा वर्षांत मिळून सुमारे १५१ कोटी डॉलर वेगळे काढून दिले. पण हप्ते सारखे नव्हते. २०२३ साली हप्ता ४५ कोटींचा होता, तो २०२४ साली १७ कोटींवर आला आणि तूट दुसरीकडून भरून काढली गेली नाही. परिणामी योजनेची एकूण रक्कम २०२३ मधील ६८ कोटी डॉलरांवरून २०२४ साली ४० कोटींवर आणि २०२५ साली ३२ कोटींवर उतरली. दोन वर्षांत निम्म्याहून कमी! ज्या दोन वर्षांत चिलटाचा आणि उंदराचा नकाशा हाती आला, तीच ही वर्षे. भिशीचे हप्ते कमी झाले तर आपण एखादा दागिना पुढच्या वर्षावर ढकलतो. परंतु प्रयोगशाळेत शिकून तयार झालेली मुलगी पुढच्या वर्षासाठी कपाटात ठेवून देता येत नाही. तिचे वेतन थांबले की ती दुसरी वाट धरते, आणि तिच्या हातचे कसब तिच्याबरोबर जाते.

आपण म्हणाल, अमेरिकेच्या अंदाजपत्रकाशी आपला काय संबंध? संबंध असा की, हे नकाशे साऱ्या जगाला खुले आहेत आणि त्यांच्यावर आपल्याकडील विद्यार्थीही काम करू शकतात. आपल्या देशातही हे काम चालू आहे. मद्रासच्या आय. आय. टी. मधील मेंदू केंद्राने २०२४ च्या डिसेंबरात गर्भाच्या मेंदूचा सविस्तर नकाशा जगापुढे ठेवला. ५,१३२ छेदांचा हा संच कोणासही पाहण्यास मोकळा आहे आणि त्यास नाव दिले आहे 'धरणी'. पोटातल्या बाळाचा मेंदू कसा घडतो, हे पाहण्याच्या या कामात सरकारचा आणि खाजगी दात्यांचा, दोघांचाही हात आहे.

मग आपण काय करावे? पहिली गोष्ट, साबणाच्या वडीवर आपण जो कर भरतो त्यातूनच आपल्याकडील संशोधनाचा पैसा येतो. तेव्हा निवडणुकीच्या वेळी दारी येणाऱ्यास रस्ता, पाणी याबरोबर हेही विचारावे. दुसरी, घरातील मुलगी कीटक, शेवाळ, बेडूक यांच्यामागे लागली, तर "हे काय खूळ!" म्हणून तिला हटकू नये. तिसरी गोष्ट सर्वांत जवळची. बाळंतीण आठवड्यामागून आठवडे रडते, बाळास जवळ घेत नाही, तर तिला आळशी किंवा मनाची कच्ची म्हणू नये. तिच्या मेंदूतील एका पदार्थाची पातळी कोसळलेली असू शकते, आणि हे आज शास्त्राने दाखविले आहे. तिला डॉक्टराकडे न्यावे. आपल्या मंडळात दरवर्षी बाळंतविड्याची मदत दिली जाते. त्या पुडीबरोबर एवढा एक निरोपही पोहोचविता आला, तर मला वाटते, या वर्धापनदिनाचे सार्थक होईल.